मगरिबच्या वेळेच्या बातम्या

सर,

उन्हाळ्यात सूर्यास्ताची मगरिबची नमाज आणि तुर्कस्तानच्या अंकारा रेडिओवरच्या उर्दू बातम्या जवळजवळ एकाच वेळेला यायच्या. तुम्ही रेडिओचा आवाज कमी करायचात, बंद मात्र कधी केला नाहीत. पेन्सिल माझ्या हातात देऊन म्हणायचात, "मियाँ, एक लफ्ज सोडायचा न्हाय." मग ओट्यावरून उतरून मशिदीकडं चालू लागायचात. तो लांबचा आवाज कधी पुढं यायचा, कधी वाळूत पाणी जिरावं तसा जिरायचा. मी कान लावून वहीत उतरवत बसायचो. परत आलात की चपला काढता काढताच तुमचा प्रश्न, "क्या बोले?"

मी सांगायचो. मला पटलेलं सांगायचो, न पटलेलंही सांगायचो.

परवा तुम्हाला जाऊन चाळीस दिवस झाले, तुमचा चाळिसावा झाला. हे लिहायला मला चाळीस दिवस लागले असं म्हणणं खोटं होईल. पाच वर्षं लागली. तुमच्यापर्यंत हे पोचायचं नाही, वाचतील ते दुसरेच. म्हणून त्यांच्यासाठी एवढं सांगतो की बेंबळीच्या जिल्हा परिषद शाळेत मुजावर सर इतिहास शिकवायचे, मी गणित. तुम्ही माझ्यापेक्षा नऊ वर्षांनी मोठे. मी धाराशिवहून येऊन-जाऊन करायचो आणि साडेपाचची गाडी मुद्दाम चुकवायचो. पुढची गाडी पावणेआठची. मधले सव्वादोन तास तुमच्या ओट्यावर, भाभींच्या चहावर आणि तुर्कस्तानावर जायचे.

तुर्कस्तानच का, हे मी पहिल्याच आठवड्यात विचारलं होतं. मला वाटायचं, मुसलमान माणसाचा कान अरबस्तानाकडं असणार. तुम्ही हसलात. म्हणालात, "तिकडं हजला जायाचं. ऐकायला तुर्कीच बरी. तिथं अजून निकाल लागायचाय."

"कसला निकाल?"

"खुदा आन खुर्ची एका घरात नांदत्यात का, त्याचा."

आधी मी देवनागरीत टिपणं काढायचो. तुम्ही परत आल्यावर ती वाचताना वैतागायचात. मग एका दिवाळीच्या सुटीत तुम्ही मला अलिफ, बे गिरवायला बसवलंत. घटक चाचणीच्या जुन्या उत्तरपत्रिकांच्या कोऱ्या बाजूवर मी अक्षरं काढायचो, आणि दोन ओळी झाल्या की सवयीनं हात डावीकडून सुरू व्हायचा. तुम्ही माझ्या हातावर छडीनं नाही, त्या पेन्सिलीनंच टिचकी मारायचात. भाभी आतून म्हणायच्या, "भाईसाब कू बच्चे जैसा नक्को मारो जी." पुढच्या पावसाळ्यापर्यंत मी बातम्या थेट उर्दूत उतरवू लागलो. तुमचं अक्षर मात्र वेगळंच प्रकरण होतं. घाईचं, नुक्त्यांची टिंबं गाळलेलं, एका शब्दाचा पाय दुसऱ्याच्या डोक्यावर. मशिदीतले मौलानाही तुमची चिठ्ठी आली की माझ्याकडं पाठवायचे आणि हसायचे, "मुजावर की लिखाई माने कू मालूम."

ऐकलेल्याचा अहवाल आपण अंकाराला पाठवायचो. किती वाजता, कोणत्या मीटरवर, आवाज कसा आला, काय काय सांगितलं. मग दोन-अडीच महिन्यांनी तिकडून पोचपावतीचं कार्ड यायचं. कार्डावर कधी पूल, कधी ट्यूलिपची फुलं, कधी मिनार. पाकिटावरच्या तिकिटांसाठी सातवीतली पोरं भांडायची. असे ऐकणारे देशभर होते, त्यांची श्रोता मंडळं होती, म्हणून आपणही मंडळ काढलं. सभासद दोन. तुम्ही अध्यक्ष, मी सचिव. गोल शिक्का मी धाराशिवला करून आणला. त्यावर अजून जिल्ह्याचं जुनं नाव आहे. आणि पत्ता कुणाचा द्यायचा, असा प्रश्न आला तेव्हा मी म्हणालो, "शाळेचाच द्या की. पोस्टमन रोज तिथंच येतो." तुमची गल्ली त्याला सापडायची नाही, हे खरं होतं. पण ते मी म्हणालो होतो, सर. तुम्ही नाही. हे मी कुठंच सांगितलेलं नाही, म्हणून आज लिहून ठेवतो.

आपलं भांडण साधं होतं आणि मिटण्यातलं नव्हतं. मी देव मानत नाही. सरकारनं धर्माला दाराबाहेर ठेवावं, ऐकत नसेल तर फौजेनं ठेवावं, असं मला तेव्हा छातीठोकपणे वाटायचं. तुर्कस्तानानं शंभर वर्षांपूर्वी ते करून दाखवलं होतं. टोप्या बदलल्या, लिपी बदलली, शाळा बदलल्या. मी त्याचं कौतुक करायचो. पाच वेळची नमाज न चुकवणारे तुम्ही शांतपणे ऐकायचात, आणि मग म्हणायचात, "लिपी बदलली, व्हय. नातवाला आजाच्या कबरीवरला दगड वाचता येईना. ह्याला तुम्ही तरक्की म्हणता."

"आमची मोडी गेलीच की. माझ्या आजोबांचे कागद मला कुठं वाचता येतात?"

"ती तुम्ही सोडली. कुणी हिसकून न्हाय घेतली. सोडण्यात आन हिसकण्यात फरक हाय का न्हाय, मियाँ?"

शेजारच्या वर्गाचे शिंदे गुरुजी कधी ओट्यावर टेकायचे. त्यांना या सगळ्याची मोठी गंमत. "तुमच्या दोघांच्या भांडणानं तिकडचं सरकार पडायचं एखांद्या दिवशी," म्हणायचे, आणि भाभींना साखर जास्त टाकायला सांगायचे.

तिकडं एकदाची दीनदार, म्हणजे धर्म पाळणारे, म्हणवणाऱ्यांची सत्ता आली आणि पुढं काही वर्षांनी डोक्याला रुमाल बांधलेल्या पोरींना कॉलेजात जाता येऊ लागलं, ती बातमी मीच टिपली होती. तुम्ही मशिदीतून परत आलात, मी सांगितलं, आणि तुम्ही चप्पल एकाच पायातली काढून तसेच उभे राहिलात. तुमची रुबिना तेव्हा नुकतीच धाराशिवच्या कॉलेजात जायला लागली होती, रुमाल बांधून. तुम्ही म्हणालात, "माझी पोरगी हितं जाऊ शकत होती. तिथली पोरगी मुसलमानाच्या मुल्कात जाऊ शकत नव्हती. कसलं राज्य होतं ते?"

उत्तर नसलं की माणूस वाकडं बोलतो. मी म्हणालो, "आज रुमाल मुभेनं, उद्या बुरखा हुकमानं." तुम्ही दोन दिवस माझ्याशी बोलला नाहीत. तिसऱ्या दिवशी मधल्या सुटीत माझ्या डब्यात भाभींचा शिरखुर्मा ठेवलात आणि म्हणालात, "हुकमानं झालं तर मी तुमच्या बाजूनं बोलेन. तोवर माझी खुशी मला होऊ द्या."

आणि तुम्ही शब्द पाळलात, हे मला सांगायचं आहे. त्या सत्तेचा रंग बदलत गेला. ती उलथवायचा फौजेतल्या काहींचा डाव फसला आणि मग लिहिणारे आत गेले, मास्तर लोकांना यादी लावून घरी बसवलं. मी न राहवून म्हणालो, "बघा, सांगितलं होतं." तुम्ही म्हणालात, "सांगितलं होतं, कबूल. पण तुमच्या फौजेनं हेच मास्तर काढले असते, तर तुम्हाला एवढं वाईट वाटलं असतं का?" खरं सांगतो, वाटलं नसतं. तेव्हा मी कबूल केलं नाही. आता करतो.

तुमचा हा सावधपणा कुठून आला, ते तुम्ही एकदाच सांगितलंत. निजामी बुडाली तेव्हा तुमचे आजोबा तरणे होते. दीनच्या नावानं हत्यारं घेऊन फिरणारे रातोरात कुठं निघून गेले कळलं नाही. मागं राहिले ते गावातले नमाजी लोक, शेतात खपणारे, कपडे शिवणारे. पोलीस ॲक्शननंतर जे व्हायचं ते त्यांचं झालं. तुमच्या घरचे तीन मारले गेले. त्याच्या आधल्या साली त्याच हत्यारवाल्यांनी आमच्या घरचं जे केलं होतं ते मी तुम्हाला सांगितलं. मग तुम्ही म्हणालात, "आजा म्हणायचा, मजहबच्या नावानं राज करणारा पळून जातो. भोगतो नमाजी." रेडिओवर तेव्हा कसलंसं गाणं लागलं होतं. आपण त्याचा अहवालात उल्लेख केला नाही.

मग ते वर्ष. इस्तंबूलची ती प्राचीन वास्तू, जी आधी चर्च होती, मग मशीद, मग संग्रहालय, ती पुन्हा मशीद झाली. मला वाटलं, आज सर पेढे वाटणार. टोमणा मारायच्या तयारीनंच मी आलो होतो. तुम्ही ओट्यावर बसला होता. म्हणालात, "खुशी झाली. खोटं कशाला बोलू. दोन मिनिटं लई खुशी झाली."

"आणि मग?"

"मग वाटलं, ही नमाज्यांनी मागितली म्हणून झाली, का मतं मागणाऱ्यांनी दिली म्हणून?"

तेच तुम्ही अंकाराला लिहिलंत. चार पानं. त्यात एक वाक्य होतं: मशीद झाली, अल्हमदुलिल्लाह, कशासाठी झाली हे अल्लाला ठाऊक, मला शंका आहे. मी म्हणालो, शंका कशाला, सरळ आरोप लिहा. तुम्ही ऐकलं नाही. "शंका ईमानवाल्याला शोभती," म्हणालात, "खात्री पुढाऱ्याला." अर्धा तास वाद झाला आणि पत्र तसंच गेलं. शिक्का मी मारला. पोस्टात मी टाकलं. कार्बन कॉपी शाळेच्या कपाटात, मंडळाच्या फायलीत मी लावली.

काही महिन्यांनी तिकडून मोठं पाकीट आलं. एक दिनदर्शिका, नमाजच्या वेळा छापलेली. ते शाळेच्या टेबलावर पडलेलं कुणीतरी पाहिलं, फोटो काढला, आणि दुसऱ्या दिवशी तो गावातल्या सगळ्या मोबाईलवर फिरत होता. खाली लिहिलेलं: सरकारी शाळेच्या पत्त्यावर परदेशातून काय येतं? कुणीतरी वर अर्ज केला. चौकशीला एक साहेब आले.

त्या दिवसाबद्दल मी बायकोशीही बोललेलो नाही.

ऑफिसात टेबलाच्या एका बाजूला साहेब. समोर तुम्ही. बाजूच्या खुर्चीवर मी, आणि साक्षीदार म्हणून शिंदे गुरुजी. टेबलावर त्या चार पानांची कॉपी, आपला गोल शिक्का तिच्यावर. साहेब उद्धट नव्हते. कंटाळलेले होते. त्यांनी पत्र उलटसुलट करून पाहिलं आणि मला विचारलं, "माने गुरुजी, तुमचं बसणं-उठणं यांच्यात असतं म्हणतात. हे वाचता येतं का तुम्हाला? काय लिहिलंय?"

फक्त वाचायचं होतं, सर. मोठ्यानं वाचून दाखवलं असतं तर तिथंच संपलं असतं. चार पानांत आक्षेप घेण्यासारखी ओळ नव्हती, उलट होती ती तिकडच्या राज्यकर्त्यांवरच टीका. आणि ते पत्र मला तोंडपाठ होतं, भांडून भांडून पाठ झालेलं. पण त्या फोटोखाली अजून माझं नाव नव्हतं. मला वाटलं, वाचलं की येईल. लोक विचारतील, याला कसं येतं, हा का शिकला. एवढंच होतं. यापेक्षा मोठं कारण मी पाच वर्षं शोधतोय.

मी म्हणालो, "नाही साहेब. मला उर्दू येत नाही."

तुम्ही माझ्याकडं पाहिलंत. फार वेळ नाही. मग साहेबांकडं वळून, हसल्यासारखं करून म्हणालात, "गुर्जींना काय येणार उर्दू, साहेब. ते गणितवाले."

साहेबांनी तसं लिहून घेतलं: मला उर्दू भाषा लिहिता-वाचता येत नाही. मी खाली सही केली. शिंदे गुरुजींनी साक्षीदार म्हणून सही केली आणि माझ्याकडं न बघता पेन परत दिलं. मंडळाचा सचिव कोण, हे कुणी विचारलं नाही. मी सांगितलं नाही.

तुम्ही म्हणालात, मी वाचून दाखवतो. साहेब म्हणाले, "तुमचंच पत्र आणि तुम्हीच अर्थ सांगणार, असं कसं चालेल?" पत्र भाषांतराला गेलं. ते परत येईपर्यंत तुमची सोय म्हणून तुम्हाला येडशीकडच्या एका वस्तीशाळेवर पाठवलं. दोन एसटी बदलून जायचं. मुख्याध्यापकाची जागा त्याच वर्षी रिकामी झाली. सेवाज्येष्ठतेनं ती तुमची होती. चौकशी चालू असलेल्या माणसाला ती देता येत नाही. तुमच्या खालोखाल मी होतो.

भाषांतर यायला दोन वर्षं लागली. आक्षेपार्ह काही आढळून येत नाही, असं एका ओळीचं पत्र आलं. ते मुख्याध्यापक म्हणून माझ्याच टेबलावर आलं, आवक नोंदवहीत मीच त्याला क्रमांक दिला. तुम्ही निवृत्त व्हायला तेव्हा तीन महिने राहिले होते.

मी खुर्चीवर बसलो त्या दिवशी तुमचा फोन आला होता. "अभिनंदन, गुरुजी." शुद्ध मराठीत. तेव्हापासून तुम्ही माझ्याशी तसंच बोललात. धाराशिवच्या स्टँडवर भेटायचात, हात हातात घ्यायचात, मुलाबाळांचं विचारायचात. पण पुन्हा कधी मियाँ म्हणाला नाहीत. लफ्ज म्हणाला नाहीत, शब्द म्हणालात. रुबिनाच्या लग्नाची पत्रिका द्यायला आलात तेव्हा उर्दूतली वेगळी पत्रिका पिशवीत होती, मला दिसली. मला तुम्ही मराठीतली दिलीत. मी समजलो, ही शिक्षा आहे. मला ती रास्त वाटली. शिक्षा भोगतोय म्हणून माफी मागायची गरज नाही, अशी सोयीची समजूतही करून घेतली. ओट्यावर मी पुन्हा आलो नाही. बेंबळीत रोज नोकरीला येऊन तुमच्या गल्लीत शिरलो नाही. साडेपाचची गाडी एकदाही चुकली नाही.

तुमच्या मातीला आलो होतो. तीन मुठी माती मीही टाकली.

आठवडाभरापूर्वी रुबिना माझ्या घरी आली. सोलापुरात औषधांच्या कंपनीत आहे, तुम्हाला माहीतच आहे. किती मोठी दिसायला लागली आहे हे कदाचित बापाला दिसत नसेल. तिच्या हातात तुमच्या कागदांचा तो बिस्किटांचा पत्र्याचा डबा होता. आत कार्डं, पूल, मिनार, ट्यूलिप, आपला शिक्का. आणि सगळ्यांत वर दोन पानं, तुमच्या हातची, अर्धवट.

"काका, हे अब्बांचं शेवटचं. मला वाचता येत नाही. मराठी शाळेतच घातलं होतं ना मला त्यांनी. अम्मीला कुराण वाचता येतं, पण अब्बांचं हे अक्षर नाही लागत."

मी म्हणालो, "मौलानांना दाखव."

"दाखवलं. ते म्हणाले, निम्मं लागतं, निम्मं मानेंनाच विचार." ती थांबली. "आणि अब्बांनी सांगून ठेवलं होतं. माझे कागद माने वाचतील. पण चार लोकांत देऊ नको. त्यांनी सरकारला लिहून दिलंय की उर्दू येत नाही. लोकांसमोर त्यांच्याशी उर्दूत बोलू पण नको, कुणी धरलं तर नोकरीवर येईल बिचाऱ्यांच्या."

ती सहज बोलली, सर. तिला वाटत होतं मला हे माहीत आहे.

लग्नाची मराठी पत्रिका. स्टँडवरचं मराठी. पाच वर्षं मी ज्याला शिक्षा समजत होतो ते माझ्या खोट्यावर तुम्ही घातलेलं पांघरूण होतं. तुम्ही मला मियाँ म्हणायचं सोडलंत ते मला वाचवायला. त्यापेक्षा तुम्ही चार शिव्या घातल्या असत्या तर मी ओट्यावर आलो असतो. हे मला तुम्हाला सांगायचं आहे आणि त्याचा रागही आहे थोडा. तुमचा इतका चांगुलपणा मला परवडला नाही.

पानं मी तिच्यासमोर वाचली, मनातल्या मनात. मग तिला म्हणालो, "चाळिसाव्याला वाचतो. सगळ्यांसमोर."

"काका, पण अब्बा..."

"अब्बा आता मला थांबवायला येत नाहीत."

परवा दुपारच्या, असरच्या नमाजनंतर तुमच्या अंगणात माणसं बसली होती. कुराणपठण झालं होतं, जेवण व्हायचं होतं. गावातल्या सगळ्या आळ्यांतले होते. मौलाना होते. शिंदे गुरुजी होते, आता काठी घेऊन चालतात. भाभी पडद्याआड दारात. रुबिनानं सांगितलं, अब्बांचं शेवटचं पत्र आहे, माने काका वाचतील. मी उभा राहिलो. आधी उर्दूत वाचायचं, मग मराठीत सांगायचं, असं ठरवलं होतं.

पत्र अंकाराच्या लोकांना होतं. तुम्ही त्यांना लिहिलं होतं: तुमच्या बातम्यांत आलं नाही, पण मोबाईलवर मी पाहिलं, तुमच्या मोठ्या शहराचा निवडून आलेला महापौर तुरुंगात आहे आणि रमजानमध्ये तरणी पोरं रस्त्यावर बसून रोजा सोडतायत. रुमालवाल्या पोरी आणि बिनरुमालाच्या पोरी एकाच पानातलं खातायत. तुमच्या मुल्काचं पुढं काय होणार ते मला तिथं दिसलं. मग लिहिलं होतं: तुमचे हाकिम, राज्य करणारे, म्हणतात, नवी पिढी दीनदार घडवू. मी बत्तीस वर्षं मास्तर होतो. नमाजची हजेरी घेता येत नाही. हजेरी घेणाऱ्याच्या धाकानं आलेली पोरं, त्याची पाठ वळली की पळून जातात, आणि जाताना नमाजही सोडून जातात. पूर्वीच्या हाकिमांनी दीन दाराबाहेर हाकलला, तुम्ही त्याला खुर्चीवर बसवलंत. दोघांनी त्याला जागा नेमून दिली. तुम्ही कोण त्याला जागा नेमणारे?

इथवर माझा आवाज नीट होता. पुढचं वाचायच्या आधी मी थांबलो. पुढचा एक शब्द गाळला असता तर कुणालाही कळलं नसतं. तुमचं अक्षर मौलानांनाही लागत नाही.

नाही गाळला. वाचलं:

माझा एक दोस्त आहे. खुदाला मानत नाही. डरपोक आहे. पण मी नमाजला गेलो की माझ्यामागं रेडिओ ऐकून ठेवतो, आवाज कमी करून, आणि परत आलो की एक लफ्ज न चोरता सांगतो. माझ्या बाजूची बातमी पण, त्याच्या विरुद्धची पण. माझ्याबरोबर नमाजला येत नाही, मला नमाजवरून उठवत नाही. हुकूमत मागायची तर मी एवढीच मागेन...

तिथं पत्र तुटलं होतं.

डरपोक या शब्दाला कुणी हसलं नाही. त्याचं मराठी करायची गरजही पडली नाही. मी खाली बसलो. मग शिंदे गुरुजींनी काठी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली.

"गुर्जी," ते म्हणाले, "तुमाला उर्दू येतं?"

अंगणभर माणसं माझ्याकडं बघत होती.

"येतं," मी म्हणालो. "तेव्हाही येत होतं. सरांनी शिकवलं. शाळेचा पत्ताही मीच दिला होता."

शिंदे गुरुजींनी मान हलवली. "मला म्हाईत व्हतं," म्हणाले. "म्या बी सही केलीच की."

तेवढ्यात मगरिबची अजान झाली. माणसं उठली, चपला शोधायला लागली, अंगण मशिदीकडं निघालं. मी ओट्यावर आलो. पाच वर्षांनी. तुमचा रेडिओ कोनाड्यात होता, त्यावर रुबिनानं रुमाल टाकलेला. भाभींनी न विचारता चहा आणून ठेवला. पानं मांडीवर घेऊन मी बसून राहिलो, जसा नेहमी बसायचो तसा, तुम्ही येईपर्यंत. गल्लीच्या तोंडाशी परतणाऱ्या चपलांचा आवाज यायला लागला तेव्हा मी सवयीनं सरळ झालो, आणि पत्र पहिल्यापासून मनात लावून घेतलं, एक लफ्ज न सोडता, कुणी विचारलं तर सांगता यावं म्हणून.